अर्धा दाणा

आधी बदकं गेली.
डबक्याकाठी तीन-चार, मग सगळीच,
माना वाळूत टाकून.
गिदान तुडूत कुणी ते मनावर घेतलं नाही.
बदकांचं काय, अझुमी म्हणाली, ती मरतातच.

मग तिचा पुतण्या. मग शेजारची जुळी.
मग नाफिऊची बुबुळं वर गेली
आणि तिने मला बोलावणं धाडलं.

आमच्या झाम्फाराच्या या भागात
बायका अंगणाबाहेर पडत नाहीत,
म्हणून डोंगर अंगणात येतो.
हरुना मोटारसायकलवर गोणीभर दगड आणतो,
अझुमी हातोडीनं फोडते,
आणि ज्या चक्कीत बाजरी दळते
त्याच चक्कीत दगड.
पिठावर पीठ बसतं,
कुठलं कुठे संपलं कसं सांगायचं?
नाफिऊ खाली बसून त्यात बोटानं उंट काढायचा
आणि बोट चोखायचा.
गोड लागतं, म्हणायचा.

संध्याकाळी घमेल्याच्या तळाशी
चिमूटभर सोनं.
सोन्याहून पिवळं म्हणतात ना,
ते मी इथल्या पोरांच्या पापण्यांच्या आत पाहिलंय.

माझ्याकडे एक यंत्र आहे, विटेएवढं.
बोट टोचायचं, थेंब द्यायचा, तीन मिनिटं थांबायचं.
पासष्टपर्यंत ते आकडा सांगतं.
पुढे त्याला आकडे येत नाहीत,
फक्त एक शब्द उमटतो: हाय.
त्या दिवशी दुपारपर्यंत सतरा पोरं.
हाय. हाय. हाय.
मी शिसपेन्सिलीनं वहीत उतरवत गेले.
शिसपेन्सिलीत शिसं नसतं, ते नुसतं नावात उरलंय.
इथे उलटं होतं:
घराघरात ते होतं, नाव कुणाला ठाऊक नव्हतं.

शहरातून खरा आकडा आठवड्यानं आला.
अझुमीला मी समजावलं,
जितकं मला समजलं होतं तितकं.
हाडाला शिसं ओळखता येत नाही,
चुना समजून ते त्याला घरात घेतं,
वर्षानुवर्षं सांभाळतं,
आणि मुलगी आई झाली की
दुधाच्या वाटेनं बाहेर काढून देतं.
तिचा हात पोटावर होता.
तिने तो काढला नाही.

किती आहे त्याच्यात? तिने विचारलं.
तीनशे.
तीनशे काय? वाट्या?
मी वहीच्या मागच्या पानावर गुणाकार केला,
दोनदा, कारण पहिल्यांदा माझाच विश्वास बसेना.
त्याच्या सगळ्या रक्तात मिळून, म्हटलं,
बाजरीच्या अर्ध्या दाण्याच्या वजनाइतकं.

ती उठली. रांजणात हात घातला,
एक दाणा दातांत धरून तोडला,
अर्धा तळहातावर ठेवला.
उरलेला अर्धा थुंकावा की गिळावा
तिला कळेना.
बराच वेळ आम्ही दोघी त्या तळहाताकडे बघत होतो.
कोंबडी जवळ आली.
अझुमीनं पाय आपटून तिला हाकललं.

औषधाला सडक्या अंड्याचा वास येतो.
एकोणीस दिवस फुऱ्यात कालवून पाजलं,
नाक धरून, मांडीखाली हात दाबून,
एकदा चापट मारूनही.
माणसं आली, अंगणाची माती वीतभर खरवडून घेऊन गेली.
चक्की आता गावाबाहेर चालते,
वाऱ्याच्या पलीकडे, असं म्हणतात.
हर्मटानच्या महिन्यांत
वाऱ्याला कुठली अलीकडची बाजू आणि कुठली पलीकडची!

नाफिऊ चालतो. जेवतो. उंट काढत नाही.
हाक मारली तर वळत नाही.
अझुमीनं हाक मारणं सोडलंय.
ती जमिनीवर पाय आपटते,
एकदा, मग थोडं जोरात,
आणि मातीतून आलेलं ते
त्याला कळतं.